कानाला कळायचं ते

नव्वदच्या दशकात भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्यात पाऊल टाकलं की आधी कुलंटचा आंबूस वास यायचा, मग लेथचा आवाज. टर्नरमामांचं सारं ध्यान त्या आवाजावर असे. टूल बोथट झालं की सूर चिरकायचा, चिप निळी पडायची आणि मामा कुणाशी बोलत असले तरी त्यांचा हात फीडवर गेलेला असायचा. मग ग्राइंडरवर धार. कोन डोळ्यांनीच जोखायचा. मायक्रोमीटरचं रॅचेट किती फिरवायचं, कुठे थांबायचं, हे नव्या पोराला तोंडी सांगून कळत नसे. मामा त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवत. दहा मायक्रॉनचा फरक असा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा.

या कसबाला इथे घर मिळालं ते कारखान्यांमुळे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, टेल्को आणि बजाजही आले. त्यांना सुटे भाग पुरवणारे गाळे भोसरी-चिंचवडभर पसरले आणि गावोगावची आयटीआय झालेली पोरं त्यांत हात बसवू लागली.

आज त्याच गाळ्यांत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन, आहेत. ऑपरेटर इन्सर्ट फिरवतो, ऑफसेट टाकतो, दार लावून बटण दाबतो. हजारावा नग पहिल्यासारखाच निघतो, हाताला इजा होण्याचा धोकाही कमी झाला. चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तिथे रोबो वेल्डिंग करतात. एवढ्या गाड्यांचा दर्जा नुसत्या कसबावर टिकला नसता, हे मला मनापासून पटतं.

जीव तुटतो तो माणसाच्या हातून काय सुटलं ते पाहून. प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा, चालवणारा वेगळा; मधे पासवर्ड. अलार्म आला की स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सर्व्हिस इंजिनिअरला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. माल तयार असतो, पण नेट गेलं म्हणून ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला टेम्पो गेटवर अडकतो. पूर्वी लाइट गेली की मामा पोरांना गोळा करून जुनं ड्रॉइंग उलगडत: हा टॉलरन्स का दिला, हा बुश कुठे बसतो. गाळ्यातली खरी शाळा भरायची ती तेव्हा. आता लाइट गेली की जो तो मोबाइल काढतो, आणि शेजारच्या मशीनवरचा पोरगा कुठल्या गावचा हेही कित्येकांना ठाऊक नसतं.

काही टूलरूममध्ये जुना लेथ अजून जपलेला आहे. तातडीने एखादीच पिन हवी असेल तर प्रोग्रॅम करण्यापेक्षा ती त्यावर लवकर होते. पण तो चालवायला रिटायर झालेल्या मामांना घरून बोलवावं लागतं. ते येतात तेव्हा सोबत एक तरी पोरगा उभा करा, एवढंच मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे.