राहत कोण होतं?

हार्बरफ्रंटहून मरांग वाटेने माउंट फेबर चढलो, ३६ मीटर उंचीचा हेंडरसन वेव्ह्ज पूल ओलांडला आणि आम्ही चौघे कॅमेरे घेऊन अल्काफ मॅन्शनपाशी पोचलो. १९१८ सालचा वाडा. मध्यंतरी ओस पडला, म्हणून भुताचा ठरला. आता दुरुस्त केलाय, भूत दिसणार तरी कुठे! मित्र विचारत होते, इथे मेलं कोण?

फोटो लोदला आजीला पाठवला. तिने विचारलं, "राहत कोण होतं?"

येमेनच्या हद्रमौतहून आलेले अल्काफ व्यापारी, मी सांगितलं. मग ती अलिबागकडच्या आपल्या घरावर आली. सगळे इस्राएलला गेल्यावर पोरं त्यालाही भुताचं घर म्हणू लागली.

"भूत कसलं रे? चौकटीवर मेझुझाची खूण आहे अजून. त्या ओटीवर मलिद्याची ताटं लागायची."