माशीची टोपी

सांगायला लाज वाटते, पण शेजारच्या एका पोरीचे दोन आठवडे माझ्या पक्कडीनं खाल्ले.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत मी टूलरूममध्ये जन्म काढला. कोल्हापूर सोडून आलो तेव्हा या शहराला मद्रास म्हणत. हाताखालच्या पोरांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली: हलतं ते चुकतं. डाय असो, जिग असो, खुंटी असो, बसली की बसली पाहिजे. निवृत्तीनंतर तिरुवान्मियूरच्या घरात बायको म्हणते, "अहो, डब्यांची झाकणं तरी सोडा!" कारण मी आवळलेलं झाकण तिला उघडत नाही.

शेजारची ती पोरगी मला 'तात्ता' म्हणते, म्हणजे तमिळमध्ये आजोबा. ती ओपन साईट एअर रायफल मारते. स्प्रिंगची, नळी दुमडून कॉक करायची, देशी बनावटीची. नळीच्या टोकाला बारीक उभा खुंट असतो, ती बंदुकीची माशी. माशीवर पत्र्याची वाकवलेली टोपी येते. खालून उघडी, आणि तिच्या दोन कडा माशीच्या बैठकीतल्या खाचांमधून सरकत जातात. मी तिला शोभेची वस्तू समजत होतो. पण मद्रासच्या उन्हात माशीच्या एका अंगाला चकाकी आली की डोळा फसतो. सावली धरायचं काम टोपीचं. शिवाय तिच्या गोल कडेत खुंट मधोमध ठेवायला डोळ्याला आपोआप जमतं.

टोपी जरा सैल झाली होती. बार सुटला की रायफल मागे झटका खाते आणि टोपी असते तिथंच राहते, म्हणजे पुढे निसटते. दोनदा रेंजवर खाली पडली. तिचे वडील माझ्याकडे घेऊन आले. मी पक्कडीनं दोन्ही कडा आत दाबल्या आणि हातोडीनं ठोकून ती बसवली. हलवून दाखवली. हलेना. मी खूश.

पण टोपी काढावी लागतेच. समुद्राजवळच्या दमट हवेत माशी पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. तिला काजळीही धरावी लागते, कारण काळीभोर माशीच नीट दिसते. पोरगी घरातल्या देवासमोरचा कापूर घ्यायची, धुरावर माशी धरायची, मखमलीसारखा काळा थर चढायचा. त्यासाठी दर वेळी माझी घट्ट टोपी डावी-उजवी हिसकावून काढायची, आणि परत ठोकून घालायची.

तिचे बार डावीकडे जायला लागले. मागच्या साईटचा स्क्रू फिरवून ती दुरुस्त करायची, दोन दिवसांनी पुन्हा कुठंतरी तिसरीकडेच. प्रशिक्षक म्हणाले, ट्रिगर ओढतेस. ती रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून रिकामा ट्रिगर दाबायचा सराव करत बसे. मी गच्चीतून बघत होतो.

एकदा रायफल हातात घेतली आणि भिंगातून पाहिलं. माशी ज्या आडव्या डव्हटेल खाचेत बसते तिथं केसाएवढी चकचकीत रेघ. काळ्या मुलाम्याखालचं नवं लोखंड. टोपीच्या हिसक्यांनी माशी उजवीकडे सरकली होती, म्हणून बार डावीकडे. मी गुपचूप परत ठोकली आणि गप्प बसलो. हे दोनदा केलं.

मग रात्री हिशेब मांडला. दोन साईटमधलं अंतर धरा ४५ सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर. माशी ०.१ मिलिमीटर सरकली तर बार २.२ मिलिमीटर हलतो. आंतरराष्ट्रीय एअर रायफलच्या टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्यापर्यंत अंतर २.५ मिलिमीटर, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे माझी एक टिचकी आणि पोरीचा जवळजवळ एक गुण गेला. मायक्रॉनच्या बाता मारणारा मी!

सकाळी जाऊन सांगितलं. तिच्या वडिलांना आधी, प्रशिक्षकांना मग. पोरीनं एवढंच विचारलं, "म्हणजे ट्रिगर माझा बरोबर होता ना, तात्ता?"

आता माझी पद्धत उलटी आहे. आधी नळी दुमडून आत छर्रा नाही हे बघायचं. टोपी अंगठ्यानं पुढे ढकलायची, खाचेच्या रेषेत, बाजूला न हिसकता. बोट घसरलं तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. तरीही नाही आली तर सागवानी काडी टोपीच्या मागच्या कडेला टेकवून हलकी टिचकी. पितळी ड्रिफ्ट शेवटी, पोलादी पंच कधीच नाही. सैल असेल तर आत लाकडी दांडी घालून कडा तिच्यावर इतक्याच दाबायच्या की अंगठ्याला थोडा विरोध जाणवेल. २०२३च्या डिसेंबरात मिचाँग वादळानंतर रेंजवरची एक टोपी गंजून चिकटली होती. एक थेंब तेल टाकून, नळीचं तोंड खाली करून रायफल रात्रभर ठेवली, कारण तेल आत सिलिंडरमध्ये उतरलं तर बाराबरोबर जळतं आणि वेग बिघडतो. सकाळी टोपी अंगठ्यानं निघाली.

माझ्या कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं. गगन नारंग तर इथंच चेन्नईत जन्मलेला. त्यांच्या हातातल्या रायफलींवर टोपीऐवजी माशीची नळीच असते, आत बारीक कडी. ती कडी धरणाऱ्या नटाला दाणेदार कड असते, बोटांनी फिरवायची. पाना लागतच नाही. एवढ्या महागड्या यंत्रातही तो भाग हातानं निघावा म्हणूनच केलेला. हे मी आधी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहून मनात म्हटलं होतं, कच्चं काम.

काल ती आली. टोपी अंगठ्यानं सरकवून काढली, कंपासपेटीत टाकली, कापूर मागितला. पेटीत टोपी खुळखुळली तेव्हा माझा हात खिशातल्या पक्कडीकडे गेलाच.