धाब्याखालची चित्रे

अमरावतीहून अकोल्याला जाणारा रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे की, बडनेरा मागे पडल्यावर मूर्तिजापूर केव्हा आले ते कळतही नाही. 2022 च्या जूनमध्ये या रस्त्याचे 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. दादांच्या माजघराच्या एका भिंतीला मात्र दोन उन्हाळे लागले!

दादा माझे थोरले बंधू. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि मोर्णेकाठच्या जुन्या शहरातले आमचे वडिलोपार्जित घर त्यांनी दुरुस्तीला घेतले. घर धाब्याचे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना धाबा म्हटले की जेवण आठवेल. आमच्या वऱ्हाडात धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. सागवानी सर, त्यांवर आडव्या किलच्या, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीही मातीच्याच, चांगल्या दोन हात रुंद. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा त्या भिंतींची किंमत कळते.

पण असे घर कधी दुरुस्त होऊन संपत नाही. दरवर्षी मृगाआधी धाब्यावर नवी माती चढवायची, पन्हाळी मोकळी करायची, भिंतींना कुटार घालून मळलेल्या चिखलाचा हात द्यायचा. गवंडी म्हणाला, "काहाले इतका घोर करता, गुर्जी? शिमिट मारून टाकू." दादांनी ऐकले नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत. सिमेंटच्या गिलाव्याखाली ओल कोंडते. वरून भिंत साजरी दिसते आणि आतली माती भुसभुशीत होते.

मग चित्रे केव्हा काढायची? दादांनी पंचांगच वाटून घेतले आहे. उन्हाळा घराचा, पावसाळा चित्रांचा. पावसात मातीकाम तसेही होत नाही. सध्या ते बाळापूरची छत्री रंगवीत आहेत. मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी ती वास्तू त्यांनी पुराच्या पाण्यासकट टिपली आहे.

वाटणी कागदावर ठीक. पण पावसाळा चित्रांचा, तसा गळतीचाही! म्हणून पहिल्यांदा नीट झाली ती चित्रे ठेवायची कोठी. वहिनी अजून चुलीशेजारी पातेले ठेवून स्वयंपाक करतात. "चित्रं कोरडी आहेत ना, मग माणसं भिजली तरी चालतील," असे त्या मला वाढता वाढता म्हणाल्या. दादा मान खाली घालून जेवत होते.

घर विकून अमरावतीला आमच्या शेजारी ब्लॉक घ्या, असे मी सुचवून पाहिले. वडिलांच्या आठवणी वगैरे काही सांगतील अशी माझी अपेक्षा. ते एवढेच म्हणाले, "चौकात उत्तरेचा उजेड येतो. तुझ्या ब्लॉकमध्ये कुठून आणू?"

दादा आता एकसष्ट वर्षांचे आहेत. घमेले उचलले की हात कापतो, आणि तो थांबेपर्यंत कुंचला धरता येत नाही. येत्या मृगाआधी स्वयंपाकघराचे धाबे उतरवायचे ठरले आहे. वहिनींनी तारीखही धरली आहे. छत्रीचे मोठे चित्र त्यानंतरच्या पावसाळ्यावर गेले आहे.