यानिनाची वाट ब्रूम स्ट्रीटवरून



२०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघे आणि आमची दोन नातवंडं असे चौघे ग्रीस देशाला जाऊन आलो. ओळखीच्या मंडळींचा पहिला प्रश्न, "पैसे कुठून आणले?" आणि दुसरा, "ग्रीसलाच का?" दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते स्वस्त आहे. सबवेच्या भाड्यात मिळतं.

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, २८० ब्रूम स्ट्रीट इथे, केहिला केदोशा यानिना नावाचं एक लहानसं सिनेगॉग आहे. १९२७ साली बांधलेलं. २००४ साली न्यूयॉर्क शहराने त्याला जतन करायच्या इमारतींच्या यादीत घातलं. आम्ही क्वीन्सहून एफ गाडीने डिलान्सी स्ट्रीटला उतरलो, तिथून थोडंसं चालणं. रविवारी वरच्या बायकांच्या गॅलरीतलं म्युझियम दाखवतात. तिकीट नाही, दानपेटीत यथाशक्ती टाकायचं. सबवेला २०२६ च्या जानेवारीपासून ३ डॉलर लागतात. पण ६५ वर्षांपुढच्यांनी नाव नोंदवलं तर अर्ध्या भाड्यात काम होतं, आणि ४४ इंचांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. (आमची नात तेव्हा दरवाजाला पाठ लावून उंची मोजून घ्यायला तयार होईना. तिला मोठं व्हायचं होतं.)

हे लोक रोमानिओट. म्हणजे ग्रीक बोलणारे यहुदी. स्पेनहून आलेले सेफार्दी नव्हेत आणि आश्केनाझीही नव्हेत. आपल्याला जसं "तुम्ही नक्की कोणते?" असं विचारतात, तसंच त्यांनाही विचारतात म्हणे. तिथल्या बाईंनी त्यांची जुनी गोष्ट सांगितली. दुसरं मंदिर पडल्यावर रोमन लोक आपल्या माणसांना गुलाम करून जहाजाने नेत होते, वादळ झालं, जहाज किनाऱ्याला लागलं, वाचले ते तिथेच राहिले. आमचा दहा वर्षांचा नातू एकदम मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, ही तर नवगावची गोष्ट!" मग त्या बाईंना आमचं फुटलेलं जहाज, सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, सगळं सांगावं लागलं. त्यांनी आम्हांला "आलेफ" दाखवले. मूल जन्मलं की बाळ-बाळंतिणीच्या रक्षणासाठी रंगीत नक्षी काढलेला कागद भिंतीवर लावायचा. आमच्या घरात एलियाहू हन्नाबीची तसबीर कुठे असायची ते आठवलं.

बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "यानिनाला जाणार असाल तर तिथल्या लोकांना आधी लिहा." आम्ही हो म्हटलं आणि विसरलो. ते पुढे येईलच.

घरी आल्यावर नातवाने कॉफीच्या रिकाम्या डब्यावर "ग्रीस" लिहून तो फ्रिजवर ठेवला. दोन वर्षं त्यात चिल्लर आणि नोटा पडत राहिल्या. मुलांच्या तिकिटांचे पैसे आमच्या मुलाने दिले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता खर्चाचं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. तिकीट, खोली आणि ऊन, तिन्ही चढलेली असतात. मे किंवा ऑक्टोबर बरा. १८ मे आणि २८ ऑक्टोबर या दिवशी सरकारी म्युझियम आणि पुराणवस्तूंच्या जागा फुकट असतात. एरवी अथेन्सच्या अक्रोपोलिसचं तिकीट २०२५ च्या एप्रिलपासून ३० युरो आहे. आम्ही १८ मे गाठला. गर्दी होती, गुडघे दुखले, पण पैसे वाचले.

कागदपत्रांत मात्र काटकसर करू नका. अमेरिकन किंवा इस्रायली पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण आमच्यातल्या एकीचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, नुसतं ग्रीन कार्ड. "ग्रीन कार्ड आहे ना, मग कशाला व्हिसा?" असं दहा जणांनी सांगितलं. दहाही जण चुकले! शेंगेन व्हिसा लागतोच. त्याची फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो आहे, आणि ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा दाखवावा लागतो. तसा तो सगळ्याच म्हाताऱ्यांनी काढावा, कारण आपलं मेडिकेअर अमेरिकेबाहेर सहसा चालत नाही. नातवंडं बरोबर असतील तर आईबापांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना परक्या माणसांचा फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला लागले आहेत, तेव्हा विमानतळावर वेळ जादा धरा.

खाण्याचं आम्हांला जड गेलं नाही. शेगडी असलेली खोली घेतली. पोहे, मसाला, आमसुलं अमेरिकेतून नेली. पेढे नेऊ नका बरं का! दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. मसूर, मोठ्या पांढऱ्या शेंगांच्या बिया, वांगी, ऑलिव्ह, मासे तिथे भरपूर. बाजारात जाऊन आणायचं आणि घरी शिजवायचं. एकदाच खानावळीत गेलो आणि तिथे गंमत झाली. छोट्या दोस्तांनो, ग्रीक भाषेत "ने" म्हणजे होय, आणि "ओही" म्हणजे नाही! वाढप्या पाव घेऊन आला, आम्ही "नै, नै" म्हणालो. त्याने आनंदाने पाव ठेवला. पुन्हा आणला, पुन्हा "नै, नै". बिलात दोन्ही टोपल्या लावल्या होत्या, कारण तिथे पावाचे पैसे पडतात. नात आता घरात काही नको असलं की "ओही" म्हणते, आणि तिच्या आजीला ते "होय" ऐकू येतं.

अथेन्सहून यानिनाला (नकाशात "योआनिना" शोधा) किफिसोस स्टँडवरून बस मिळते. सहा-सात तास लागतात. वाटेत समुद्राच्या खाडीवरचा रिओचा लांबलचक पूल लागतो, २००४ सालचा. तेवढ्यासाठी मुलांना उठवून बसवा. गाव तळ्याकाठी आहे. तळ्यातल्या बेटावर होडीने दहा मिनिटांत जाता येतं, पैसे अगदी थोडे. किल्ल्याच्या आत गल्ल्यांना दगड बसवलेले आहेत, तेव्हा सपाट जाड बूट घाला. आणि हो, संडासात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. मुलांना हे सांगताना फार हसू आलं, पण सांगावं लागतं.

किल्ल्याच्या आत त्यांचं जुनं सिनेगॉग आहे. नावच मुळी "याशान", जुनं. आपल्या मुंबईच्या १७९६ च्या शाआर हाराहामीमला लोक "जुनी मशीद" म्हणतात, तसंच. आम्ही बुधवारी सकाळी पोचलो तर दार बंद. बंदच असणार. गावात आता जेमतेम पन्नासेक यहुदी उरलेत, रोज दार कोण उघडणार? आम्ही लिहिलं नव्हतं, चूक सर्वस्वी आमची. दोन वर्षं पैसे जमवून आलो आणि नातू दाराच्या कडीला हात लावून उभा. त्याच्याकडे बघवेना. आम्ही दोघे रागावलो ते एकमेकांवर. "तू लिहिणार होतीस." "तुम्ही लिहिणार होतात." खोलीच्या मालकिणीने तीन-चार फोन केले. संध्याकाळी निरोप आला, उद्या नऊला या. आमची बस साडेदहाची होती.

अर्धा तास मिळाला. आत उंच छत, मोठमोठे खांब. भिंतींवर संगमरवरी पाट्या आणि त्यांवर नावं, नुसती नावं. २५ मार्च १९४४ रोजी पहाटे जर्मनांनी या गावातल्या सुमारे १८६० माणसांना घराबाहेर काढलं, ट्रकांत घातलं आणि पुढे औशवित्झला नेलं. परत आले ते फार थोडे. एकाच आडनावाची माणसं ओळीने, आजोबा, बाप, पोरं. नात नुकती वाचायला शिकली होती, पण अक्षरं तिला येईनात. नातू कुजबुजला, "आपली अशी यादी कुठे आहे?" आम्ही सांगितलं, आपली नाही. कोकणात आपल्याला कुणी हात लावला नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण इथली आपली माणसं आपल्या मनाने बोटीत आणि विमानात बसली. मग त्याने विचारलं, "तिथलं दार कोण उघडतं?" रेवदंड्याला आम्ही शेवटचे गेलो त्याला एकोणीस वर्षं झाली. उत्तर देता आलं नाही.

दार उघडणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, की या गावाने २०१९ साली मोझेस एलिसाफ नावाच्या डॉक्टरांना महापौर निवडलं होतं. ग्रीसमधले पहिले यहुदी महापौर. २०२३ मध्ये ते वारले. सांगताना त्यांनी टोपी सारखी केली. पैसे घेईनात, मग मुलांनी दानपेटीत टाकले. तेव्हा वाचकहो, जाणार असाल तर महिनाभर आधी तिथल्या यहुदी मंडळाला पत्र लिहा, पासपोर्टची प्रत जोडा आणि उत्तर येईपर्यंत बसचं तिकीट काढू नका. किप्पूरला तिथे प्रार्थना होते आणि परगावी गेलेले लोक त्यासाठी परत येतात. ते जमलं तर सोन्याहून पिवळं, पण खोल्या आधी धरा.

घरी आल्यावर नातवाने फ्रिजवरच्या डब्यावरचं "ग्रीस" खोडून "नवगाव" लिहिलं. आतापर्यंत ४१ डॉलर जमलेत. विमानाचं तिकीट किती असतं ते त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही.