भोंगा वाजला की कुठं जायचं?

मुलांनो, वैशाखाच्या उन्हात धूळ-पाचोळा गरगर फिरवत जाणारी वावटळ तुम्ही पाहिली असेलच. ती तापलेल्या जमिनीवर जन्मते आणि बघता बघता विरते. टॉर्नेडो मात्र काळ्या ढगाच्या पोटातून सोंडेसारखा खाली उतरतो. आपल्या किनाऱ्यावर येतं ते चक्रीवादळ वेगळं. ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, त्याची वर्दी बहुधा एक-दोन दिवस आधी लागते. टॉर्नेडो देतो फक्त काही मिनिटं!

आज आपण त्याच्या मुलखात जाऊ. नकाशा काढा. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात ओक्लाहोमा राज्य आहे. तिथल्या ओक्लाहोमा सिटीला खेटून, दक्षिणेला, मूर नावाचं शहर. सगळा सपाट प्रदेश. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा येते, पश्चिमेकडून कोरडी हवा आणि उंचावरून थंड वारे. एप्रिल-मे महिन्यांत या हवांची गाठ पडते आणि प्रचंड गडगडाटी ढग तयार होतात. ३ मे १९९९ रोजी मूरला झोडपणाऱ्या टॉर्नेडोत रडारने वाऱ्याचा वेग मोजला, तो ताशी ४८० किलोमीटरहून जास्त भरला. आपल्या एक्स्प्रेस गाड्यांच्या कितीतरी पट!

मग इथं राहणारी माणसं घरात काय तयारी ठेवतात?

तुम्ही म्हणाल, तळघर असेल. पण इथली माती चिकण, त्यामुळे तळघरं थोडी. म्हणून पुष्कळांनी गॅरेजच्या फरशीखाली पोलादी खोली पुरून घेतली आहे. वर सरकतं झाकण, आत उतरायला पायऱ्या, बसायला बाकं. आत विजेरी, पाणी, औषधं आणि बॅटरीवरचा रेडिओ. ही खोली घरात कुठं आहे, ते नगरपालिकेकडे नोंदवता येतं. ढिगाऱ्याखाली झाकण अडकलं, तर शोधणाऱ्यांना नेमकं ठाऊक हवं ना!

अशी खोली नसेल तर? तळमजल्यावरची, घराच्या अगदी मधली, बिनखिडकीची लहान खोली गाठायची. तिथं डोकं खाली घालून, मानेवर हात ठेवून बसायचं. अंगावर गादी घ्यायची. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, पायांत बूट! बूट कशाला? वादळ गेल्यावर सगळीकडे काचा आणि खिळे पडलेले असतात. खिडक्या उघडल्या तर घर वाचतं, असं पूर्वी सांगत. ते खोटं आहे. त्यात वेळ तेवढा जातो. पुलाखाली लपणं तर फारच वाईट, तिथं वारा आणखी जोरात घुसतो.

सूचना दोन प्रकारच्या. ‘वॉच’ म्हणजे टॉर्नेडो होऊ शकतो, रेडिओ लावून ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे आता लपा, लगेच. गावात भोंगेही आहेत. आकाश निरभ्र असेल तर शनिवारी दुपारी बारा वाजता ते वाजवून पाहतात. त्या वेळी कुणी घाबरत नाही.

२० मे २०१३ ला मात्र सोमवार होता. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी वॉर्निंग आली, १६ मिनिटांनी टॉर्नेडो जमिनीला टेकला. ३९ मिनिटांत त्यानं सुमारे २२ किलोमीटर वाट उद्ध्वस्त केली. २४ माणसं गेली. त्यांपैकी सात मुलं प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतली होती. शिक्षकांनी मुलांना स्वतःच्या अंगाखाली घेतलं, पण त्या इमारतीत मजबूत खोलीच नव्हती. मीही एवढ्याच मुलांना शिकवते. म्हणून हे लिहिताना माझा हात थबकतो.

शाळा पुन्हा बांधली ती अशा मजबूत खोलीसह. २०१४ मध्ये मूरने नव्या घरांसाठीही नियम केला: घर ताशी सुमारे २१७ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलं पाहिजे. छप्पर भिंतींना धातूच्या पट्ट्यांनी जखडायचं, आणि गॅरेजचा दरवाजा दणकट हवा. कारण तो मोडला की वारा आत शिरतो आणि छपराला आतून वर ढकलतो.