कोपऱ्यातला गडी

आमच्या घराण्याला वादाचा विषय कधी कमी पडला नाही. आजोबांच्या काळी बैलजोड्यांवरून वाद होत, वडिलांच्या काळी कपाशीच्या वाणांवरून. आणि आम्हा दोघा भावांच्या वाट्याला हुतूतू आला. मी जळगावात, नाना धुळ्यात. मध्ये एरंडोल आणि पारोळा घेऊन नव्वद-पंचाण्णव किलोमीटरची वाट. पण २०१५ सालच्या जुलै-ऑगस्टात ही वाट जणू गुंडाळून ठेवली होती. रात्री सामना संपला रे संपला की फोन वाजे, आणि ख्यालीखुशालीला फाटा देऊन नाना विचारीत, "पाहिलंस?"

ते प्रो कबड्डीचे दुसरे वर्ष होते. आम्ही ज्याला हुतूतू म्हणत लहानाचे मोठे झालो, तो खेळ आता रंगीत मॅटवर, बूट घालून, दिव्यांच्या झगमगाटात खेळला जात होता. चढाईला तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाहेर बसा. हा तिसऱ्या चढाईचा जुलूम आमच्या वेळी नव्हता. आमच्या वेळी बोरीकाठची माती होती, चुन्याऐवजी राखेने आखलेली रेघ होती, आणि गुडघ्यांवरची साले शनिवारपर्यंत भरत नसत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन हा खेळ साऱ्या जगाला दाखवला होता, ही गोष्ट नाना गावातल्या पोरांना अशा ऐटीत सांगत, की ते स्वतःच बोटीने जाऊन आले असावेत!

गावच्या संघात नाना डाव्या कोपऱ्यात उभे राहत आणि मी चढाई करी. एवढे सांगितले म्हणजे आमच्या वादाचे निम्मे मूळ सांगून झाले.

नानांचा देव अनुप कुमार. यू मुंबाचा हा हरयाणवी कप्तान चढाईला निघे तो तलाठ्याकडे उतारा मागायला निघाल्यासारखा. उडी नाही, आरोळी नाही. मध्यरेषेपाशी दोन पावले इकडे, दोन तिकडे, आणि समोरचे सात गडी कंटाळले की हळूच एक पाय टाकून बोनस घेऊन परत. मला त्याचा राग येई. "ही काय चढाई झाली?" मी फोनवर ओरडे. "राहुल चौधरी पाहा. तेलुगू टायटन्सचा. वाऱ्यासारखा जातो आणि हात लावून येतो!"

"जातो खरा," नाना म्हणत. "पण परत यायचा रस्ता जाताना बघून ठेवत नाही. तो हाताकडे बघतो, पायाकडे बघत नाही. पायाकडे कोण बघतं? कोपऱ्यातला."

बोनसचा हिशेब वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. समोर निदान सहा गडी असले पाहिजेत. चढाई करणाऱ्याने बोनसरेषेपलीकडे एक पाय टेकवायचा, आणि त्याच क्षणी मागचा पाय अधांतरी हवा. मिळतो एकच गुण. पण तेवढ्या क्षणात पुढचा घोटा कोपऱ्यातल्या गड्यापुढे ताटात वाढल्यासारखा असतो. म्हणून नानांच्या लेखी खेळाचा राजा चढाईवाला नव्हेच. यू मुंबाचे दोन कोपरे, सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, या जोडीवर ते पंधरा-पंधरा मिनिटे बोलत. नाडा घोट्यावर कसा झेपावतो, मोहित अर्धा श्वास उशिरा का येतो, आणि दोघांतला एक चुकून लवकर सुटला तर मध्ये केवढी खिंड पडते! बंगळूरु बुल्सचा मंजीत छिल्लर चढाईही करी आणि पकडही. तो मला पसंत होता, कारण तो थांबत नसे. नानांना तो पसंत नव्हता. त्याचेही कारण हेच. उत्साहाच्या भरात ते अहिराणीवर येत. "हाऊ गडी घाई करस! तुले काय समजस!"

हे 'तुले काय समजस' माझ्या फार जुन्या ओळखीचे होते.

१९८९ साली आमच्या वाटण्या झाल्या. बोरीकाठचे सहा एकर माझ्या वाट्याला आले. जळगावात तेव्हा डाळमिलचा धंदा जोरात होता, आणि एका ओळखीच्या माणसाने मला भागीचे बोलावणे केले. नाना म्हणाले, "एक पाऊस जाऊ दे. एक वर्ष थांब." मी थांबलो नाही. जमीन विकली आणि पैसे भागीत घातले. तीन वर्षांत भागी बुडाली, आणि मी चाळिशीत दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायला बसलो. नानांनी यावर कधी एक शब्दही काढला नाही. त्यांनी रागाने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे वाटले असते. अबोला असा नव्हता. पण बोलणेही उरले नव्हते. लग्नकार्यात भेटलो की पाऊसपाणी विचारायचे, एवढेच.

एकच धागा तुटला नव्हता, तो कानबाईचा. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, नाकात नथ, चौरंगाला केळीचे खांब. रात्रभर जागरण, आणि सोमवारी सकाळी विसर्जन. तिच्या रोटांसाठी घरातले पुरुष मोजून गहू घेतात, आमच्याकडे माणशी सव्वा मूठ. आणि रोट खायचे ते भाऊबंदांनीच. चूल वेगळी झाली तरी कानबाई आम्ही वेगळी केली नाही. एक वर्ष धुळ्याला, एक वर्ष जळगावला.

२०१५ ची पाळी माझी होती. उपांत्य सामने शुक्रवारी, २१ ऑगस्टला झाले. यू मुंबाने पाटणा पायरेट्सला ३५–१८ असे लोळवले; बंगळूरुने तेलुगू टायटन्सला ३९–३८, अवघ्या एका गुणाने हरवले. त्या रात्री नानांचा फोन पाऊण तास चालला. राहुल चौधरीचा संघ पडल्याचा आनंद त्यांनी मुळीच लपवला नाही! आणि मग ध्यानात आले, की अंतिम सामना रविवारी, म्हणजे नेमका कानबाईच्या रात्री.

रविवारी दुपारी नाना आणि वहिनी एस.टी.ने आले. गहू मोजताना आमच्या मंडळींनी वहिनींना विचारले, "सुरतेचा मुलगा आणि नातू धरायचे ना?" वहिनी म्हणाल्या, "आले नाहीत म्हणून काय झालं? धरायचेच."

संध्याकाळी पुढच्या खोलीत देवी बसली. टीव्ही आतल्या खोलीत. बायकांची गाणी सुरू झाली तशी आमच्या मंडळींनी ताकीद दिली, की यंत्राचा आवाज बाहेर आला तर तारच काढून टाकीन. तेव्हा आम्ही दोघे म्हातारे आवाज बंद करून सामना पाहू लागलो. पडद्यावर अनुप कुमार मुकाट्याने चढाई करतोय, आणि कानांवर कानबाईची गाणी. नुसत्या नजरेने पाहिले की हा खेळ फार निराळा दिसतो. समालोचक नसला की गड्याचा चेहरा दिसतो. नानांचे मात्र समालोचन कुजबुजत चालूच होते. "आते दख. आते पाय टाकी."

आणि खरोखरच चढाईवाल्याने पाय टाकला, कोपऱ्यातला गडी झेपावला आणि घोटा सापडला. मी सवयीने म्हणालो, "घाई केली."

नाना बराच वेळ बोलले नाहीत. पडद्यावर पुढची चढाई सुरू झाली होती. मग ते म्हणाले, "त्याची घाई खरी. पण कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्यालाही एक खोड लागते. तो दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत बसतो. त्याला दुसरं काही सुचतच नाही."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते टीव्हीकडेच पाहत होते.

"डाळमिल बुडाली तेव्हा माझ्याकडे पैसे होते. कपाशीचे आले होते. पेटीत काढून ठेवले होते मी. म्हटलं, तो येईल, मागेल, मग देऊ." त्यांनी गुडघा चोळला. "तू उनाच नही."

मी गेलो नव्हतो हे खरेच. कोणत्या तोंडाने जाणार होतो? आणि ते आपण होऊन आले नव्हते, हेही खरेच. तेवीस वर्षे पेटीतल्या त्या पैशांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. काही बोलावे म्हणून मी तोंड उघडले, तोच बाहेर फुगडीचा गलका उठला आणि पुतणी धावत आली, "काका, नाना, आरतीला चला!"

आरती करून परत आलो तो सामना संपला होता. यू मुंबा ३६, बंगळूरु ३०. अनुप कुमारच्या हाती करंडक, आणि शेवटची मिनिटे आम्ही दोघांनीही पाहिली नव्हती. "तुझ्या घरी आलो म्हणून हुकलं," नाना म्हणाले.

रात्री आम्ही दोघे जागरणाला बसलो. रोट मोडताना नानांनी पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही. निघाला तो मंजीत छिल्लरचा, आणि पहाटे तीनपर्यंत पुरला. हरलेल्या संघाचा कप्तान असूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता, हा हुकमाचा पत्ता मी मधूनमधून टाकी आणि नाना तो न पाहिल्यासारखे करीत.

सोमवारी मेहरूण तलावावर कानबाईला निरोप दिला, आणि दुपारी नानांना पोचवायला मी एस.टी. स्टँडवर गेलो. एरवी रिक्षा बोलावून मोकळा होत असे. गाडीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. वहिनींनी भाकरीचे गाठोडे मांडीवर घेतले. गाडी सुरू झाली, तसे नानांनी डोके बाहेर काढले.

"ऐक! राहुल चौधरी वाईट नाही रे. पण त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे, की पुढच्या पायावर…"

पुढचे शब्द इंजिनाच्या आवाजात गेले. रात्री साडेनऊला फोन वाजला.