पलटणीचा रस्सा

उइजंगबू हे नाव माझ्या जिभेवर नीट बसेपर्यंत सोलहून निघालेली आगगाडी तिथे पोचलीसुद्धा. भाचा हसून म्हणाला, "मामा, हे नाव मुळात गावाचं नाहीच." खरेच होते. चोसन राजवटीतल्या मंत्रिमंडळाचे ते नाव. राजपद सोडलेला यी सॉन्ग-ग्ये उत्तरेकडून परतताना येथे राहिला, मंत्री सल्लामसलतीला इथवर येऊ लागले, आणि गावाला त्यांचेच नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात.

पण गावाचे नशीब ठरवले ते त्याच्या जागेने. उत्तरेकडून सोलला येणारी डोंगरांमधली वाट येथूनच जाते. २५ जून १९५० ला युद्ध पेटले. दुसऱ्याच दिवशी हे गाव पडले आणि २८ तारखेला सोल. आपल्या सैन्याचे ६० वे छत्रीधारी वैद्यकीय पथकही त्या युद्धात जखमींची सेवा करीत होते. मार्च १९५१ मध्ये येथून पश्चिमेला, मुनसानला, त्यातले काही जण विमानातून उतरले होते. पुढे युद्ध थांबले, तरी अमेरिकन पलटणी राहिल्या, आणि त्यांच्या कुंपणांच्या आधाराने गाव वाढले. मोठी छावणी २०१८ साली बंद झाली. मागे राहिला तो रस्सा.

भाच्याने मला जेवायला नेले ती गल्लीच त्या पदार्थाच्या नावाने ओळखली जाते. बुदे-जिगे, म्हणजे पलटणीचा रस्सा. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या नावाची कमान आहे. उथळ पातेल्यात डबाबंद मांसाचे काप, सॉसेज, किमची, मिरचीची लाल चटणी आणि शेवया रटरटत होत्या. युद्धानंतरच्या उपासमारीत छावणीतून बाहेर आलेले, कधी चोरटे, कधी उष्टेसुद्धा मांस लोकांनी असे शिजवून खाल्ले. उष्ट्याच्या त्या शिजवणाला तेव्हा 'डुकरांची पेज' म्हणत. १९८७ पासून ते डबे कोरियातच तयार होऊ लागले, आणि आता चुसॉकच्या सणाला त्यांचीच सजवलेली पेटी आप्तेष्टांना भेट म्हणून जाते!

माझा घास हातातच राहिला. आई आठवली.

१९७२ च्या दुष्काळात रेशनच्या रांगेत उभी राहून तिने अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणली होती. माझ्या पहिल्या कादंबरीत मी ती रांग लिहिली, तिच्या फाटक्या पिशवीसकट. पुस्तक वाचून ती एवढेच म्हणाली, "हे चार लोकांत सांगायचं होय रे?" मी मास्तर; वास्तववादावर तिला व्याख्यान दिले. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. दोन वर्षांनी ती गेली.

शेजारच्या मेजावर एक म्हातारी नातवाबरोबर जेवत होती. त्याने तिच्या वाटीत मांसाचा एक काप वाढला. तिने तो मुकाट्याने उचलून परत त्याच्या वाटीत ठेवला. तिला चावत नसेल. किंवा नसेलही तसे. कमान गावाने उभारली होती. तिला कोणी विचारले होते की नाही, कोण जाणे.

"तुला आजीच्या हातची भाकरी आठवते?" मी भाच्याला विचारले.

"आठवते की. पण ज्वारीची. मिलोची कशी व्हायची हो, मामा? म्हणतात, थापताना फुटायची."

मला सांगता येईना. मी रांग लिहिली होती, पिशवी लिहिली होती. ती भाकरी आईने कशी थापली, हे तिला विचारलेच नव्हते.